कानांनी वाचलेली पुस्तकं

एक वाक्य मी दर शनिवारी वर्गात ऐकतो. “दादा, मराठी ऐकलं की सगळं कळतं, पण वाचायला घेतलं की गाडी अडते.” हे सांगताना तुमचा आवाज जरा खाली येतो. म्हणून आज मी तुम्हाला अशा कामगारांविषयी सांगणार आहे, ज्यांच्यातल्या पुष्कळांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. तरी त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या जाडजूड कादंबऱ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पूर्ण केल्या होत्या. कानांनी!

हे कामगार क्यूबाचे. क्यूबा हे कॅरिबियन समुद्रातलं एक लांबट बेट आहे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून ते फक्त ९० मैलांवर आहे. जवळजवळ चारशे वर्षं तिथं स्पेनचं राज्य होतं, त्यामुळे तिथली भाषा स्पॅनिश. ऊस आणि तंबाखू ही तिथली मोठी पिकं. तंबाखूची पानं हातानं वळून सिगार बनवायचे, आणि हावाना या राजधानीच्या शहरात सिगारचे मोठमोठे कारखाने होते. (तंबाखू तब्येतीला वाईटच. पण ही गोष्ट तिच्याशिवाय सांगता येत नाही.)

आता कारखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर धडधडणारी यंत्रं येतील. सिगारचा कारखाना तसा नव्हता. एका लांब हॉलमध्ये, शाळेतल्या बाकांसारख्या टेबलांच्या रांगांत शेकडो माणसं बसलेली असायची. प्रत्येकाच्या हातात पान, शेजारी ते कापायची वाकडी सुरी. या सुरीला चावेता म्हणतात. काम नाजूक, पण रोज तेच. हात गुंतलेले, कान रिकामे. मी ऑफिसमध्ये कंटाळवाणं काम करताना कानात पॉडकास्ट लावतो, ते याच कारणासाठी.

१८६५ साली हावानातल्या ‘एल फिगारो’ नावाच्या कारखान्यात कामगारांनी यावर एक उपाय काढला. आपल्यातल्याच एकानं हातातलं काम ठेवायचं आणि बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. तेवढ्या वेळात त्याचे सिगार वळून होणार नाहीत, म्हणजे त्याची मजुरी बुडणार. ती बाकीच्यांनी वर्गणी काढून भरून द्यायची. साटुर्निनो मार्टिनेझ नावाचा एक सिगार कामगार कवीही होता. त्यानं त्याच वर्षी ‘ला आउरोरा’, म्हणजे ‘पहाट’, या नावाचं कामगारांसाठी वर्तमानपत्र काढलं आणि या वाचनाचा जोरात प्रचार केला. लवकरच ही पद्धत दुसऱ्या कारखान्यांत पसरली. पुढे वाचणारा माणूस स्वतंत्रपणे नेमू लागले. त्याला म्हणतात लेक्तोर, म्हणजे वाचक. हॉलमध्ये त्याच्यासाठी उंच चौथरा बांधलेला असायचा.

लेक्तोर व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे, आणि परीक्षक कोण, तर कामगार! उमेदवारानं वाचून दाखवायचं आणि कामगारांनी मत द्यायचं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे, कादंबरीतली म्हातारी म्हातारीसारखी आणि चोर चोरासारखा वाटला पाहिजे. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी असा साधारण क्रम असे. वाचन आवडलं तर टाळ्या कशा वाजवणार? हातात तर पान आहे. मग सगळे चावेता टेबलावर आपटायचे. शेकडो सुऱ्यांचा तो एकदम होणारा खडखडाट म्हणजे लेक्तोरसाठी केवढी शाबासकी!

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पैशांची आहे. लेक्तोरचा पगार मालक देत नसे. कामगार आपापल्या आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे पैसे काढून तो देत. आणि ज्याचे पैसे, त्याची निवड. पुढची कादंबरी कुठली घ्यायची तेही मतानं ठरायचं. अलेक्झांडर द्यूमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ही कामगारांची फार लाडकी होती. विनाकारण तुरुंगात टाकलेला एक तरुण बाहेर पडून सगळ्यांचा हिशोब चुकता करतो, अशी ती गोष्ट. दिवसभर दुसऱ्यासाठी राबणाऱ्या माणसांना ती का आवडली असेल, याचा तुम्हीच विचार करा. १९३५ साली निघालेल्या मोंतेक्रिस्तो या सिगारचं नाव याच कादंबरीवरून आलं, असं सांगतात. शेक्सपिअरच्या नाटकावरून ‘रोमिओ इ हुलिएता’ नावाचाही सिगार आहे.

पण कामगार काय ऐकतात, हे सरकारला आवडेना. पत्रातल्या बातम्या ऐकून माणसं बोलायला लागली, मजुरीबद्दल, गुलामगिरीबद्दल (क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत चालू होती), स्पेनच्या राज्याबद्दल. १८६६ च्या मे महिन्यात स्पॅनिश अधिकाऱ्यांनी हुकूम काढला. कारखान्यात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचून कामगारांचं लक्ष विचलित करायचं नाही! लक्ष विचलित होणं हे अर्थात निमित्त होतं. पुढे १८६८ साली स्वातंत्र्याचं पहिलं युद्ध सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. हजारो माणसं समुद्र ओलांडून फ्लोरिडाला गेली, आधी की वेस्टला आणि नंतर टॅम्पाजवळच्या ईबोर सिटीत. जाताना त्यांनी चावेता नेली, आणि लेक्तोरही नेला.

एक गंमत मध्येच सांगतो. ईबोर सिटीत वाचन करणाऱ्यांमध्ये लुइसा कापेतिल्यो ही बाईसुद्धा होती. ती मूळची शेजारच्या प्वेर्तो रिको बेटावरची. १९१५ साली हावानात तिला पोलिसांनी पकडलं. गुन्हा काय? रस्त्यावर पँट घालून फिरली! बायकांनी पँट घालू नये असा कायदाच नाही, हे तिनं कोर्टात दाखवून दिलं आणि ती सुटली.

आता टॅम्पाला परत येऊ. नोव्हेंबर १८९१ मध्ये न्यूयॉर्कहून एक बारीक अंगाचा, मोठ्या मिशांचा माणूस तिथं भाषण करायला आला. त्याचं नाव होसे मार्ती. क्यूबात आज हे नाव माहीत नाही असं मूलही सापडणार नाही.

मार्तीचा जन्म हावानातला, २८ जानेवारी १८५३ चा. सोळाव्या वर्षी त्याला अटक झाली, आणि पुरावा होता एक पत्र. त्यानं आणि त्याच्या मित्रानं एका वर्गमित्राला लिहिलं होतं, की तू स्पेनच्या बाजूनं सैन्यात गेलास हे बरं केलं नाहीस. एवढ्यासाठी सहा वर्षांची सक्तमजुरी! पायात बेडी अडकवून त्याला दगडाच्या खाणीत कामाला लावलं. काही महिन्यांनी शिक्षा कमी करून त्याला स्पेनला हद्दपार केलं, म्हणजे देशाबाहेर काढलं. पायाची जखम जन्मभर त्रास देत राहिली. त्या बेडीच्या लोखंडातून पुढे एक अंगठी करून घेतली होती. तिच्यावर एकच शब्द कोरला होता, ‘क्यूबा’.

१८८० ते १८९५ ही वर्षं मार्ती मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये राहिला. म्हणजे घराबाहेर सगळीकडे इंग्रजी, आणि लिहायचं मात्र स्पॅनिशमध्ये. हे तुमच्या घरच्यासारखंच झालं, नाही का? १८८९ साली त्यानं न्यूयॉर्कमधून मुलांसाठी स्पॅनिश मासिक काढलं, ‘ला एदाद दे ओरो’, म्हणजे ‘सोनेरी वय’. गोष्टी, कविता, वीरांची चरित्रं, अगदी व्हिएतनामच्या लोकांवर लेख, सगळं त्यानं स्वतः लिहिलं. मुलांना सोपं करून सांगायचं, पण बालिश करून सांगायचं नाही, ही त्याची रीत. मला तुमच्यासाठी धडे लिहिताना हे नेहमी आठवतं, जमतंच असं नाही. मासिकाचे चारच अंक निघाले. पैसे घालणाऱ्या माणसाला त्यात देवाच्या भीतीची शिकवण हवी होती. मार्तीला ते पटलं नाही, आणि त्यानं मासिक बंद होऊ दिलं. ते चार अंक पुढे पुस्तकरूपानं आले आणि आजही स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत वाचले जातात. ‘ग्वांतानामेरा’ हे गाणं तुम्ही ऐकलं असेल. त्यात जे शब्द गातात, ते मार्तीच्या १८९१ च्या कवितासंग्रहातले आहेत.

टॅम्पाच्या कामगारांना मार्तीचं बोलणं लगेच कळलं. वर्षानुवर्षं लेक्तोर ऐकून त्यांचे कान तयार होते ना! स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी कामगारांनी एक एक दिवसाची मजुरी दिली. १८९५ साली उठावाचा संदेश एका सिगारमध्ये गुंडाळून क्यूबाला पाठवला, असं टॅम्पात अजून सांगतात. मार्ती स्वतःही गेला. १९ मे १८९५ रोजी दोस रिओस इथल्या चकमकीत तो मारला गेला. वय ४२.

टॅम्पातले लेक्तोर १९३१ पर्यंत टिकले. मग मालक म्हणू लागले, की हे लोक कामगारांना भडकवणारं साहित्य वाचतात. त्यांनी वाचन बंद केलं, कामगारांनी संप केला, पण तो यशस्वी झाला नाही. लेक्तोरच्या जागी रेडिओ आला. रेडिओला मत देऊन गप्प बसवता येत नाही, हा त्यातला फरक.

क्यूबात मात्र लेक्तोर राहिला, आजही आहे. पण तिथंही ‘काय वाचायचं ते कोण ठरवणार’ हा प्रश्न संपला नाही. १९५९ च्या क्रांतीनंतर फिदेल कास्त्रोचं सरकार आलं. १९६१ साली त्यांनी शाळांना सुट्टी दिली आणि सुमारे एक लाख मुलामुलींना खेड्यांत पाठवलं. तुमच्याच वयाचे होते बरेच जण. बरोबर एक झोळणा, एक कंदील आणि एक पुस्तक. दिवसा शेतकऱ्याबरोबर शेतात काम करायचं, रात्री कंदिलाच्या उजेडात त्याला अक्षरं शिकवायची. हे सुरक्षित काम नव्हतं. कोनराडो बेनितेस नावाच्या अठरा वर्षांच्या शिक्षकाला सरकारविरोधी टोळीनं ठार केलं होतं. शिकणाऱ्यांची शेवटची परीक्षा म्हणजे फिदेलला स्वतःच्या हातानं एक पत्र लिहिणं. सरकारी आकडा सांगतो, की त्या एका वर्षात ७,०७,२१२ माणसं लिहा-वाचायला शिकली. ती पत्रं हावानाच्या संग्रहालयात ठेवली आहेत.

मला हे काम फार मोठं वाटतं. पण त्या पुस्तकाचा पहिला धडा बघा. आपण ‘ग’ गणपतीचा म्हणतो. त्यांच्या धड्यात ओ, ए, आ ही अक्षरं होती, आणि ती एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावाची आद्याक्षरं होती. त्या संघटनेशी क्यूबाच्या सरकारचं भांडण चालू होतं. म्हणजे अक्षराबरोबर सरकारचं मतही पोटात गेलं. आणि ज्या सरकारनं लाखोंना वाचायला शिकवलं, त्याच सरकारनं काही लेखकांची पुस्तकं देशात येऊ दिली नाहीत. रेनाल्दो अरेनास या कादंबरीकाराची हस्तलिखितं लपवून परदेशी न्यावी लागली. तो स्वतः १९८० साली बोटीनं फ्लोरिडाला पळाला.

आता तुमचं काम. पुढच्या शनिवारी आपण वर्गाचा लेक्तोर निवडणार आहोत. ज्याला व्हायचंय त्यानं वरच्यातला कुठलाही एक परिच्छेद घरी आजीला किंवा बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. अडखळलात तरी चालेल, थांबू नका. बाकीच्यांनी माइक चालू ठेवून पेन्सिल टेबलावर आपटायची. मग पुढच्या महिन्यात ‘फास्टर फेणे’ ऐकायचा की ‘बोक्या सातबंडे’, यावर मतदान. माझं मत विचारू नका. पगार देणारे कामगार मत द्यायचे, मालकाला मत नव्हतं.