व्हीनसची वस्त्रे आणि मंदिरपथगामिनीचे लुगडे

पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातील ‘व्हीनस द मिलो’ ही संगमरवरी मूर्ती १८२० साली ग्रीसच्या मिलोस बेटावर सापडली. ती इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील असावी, असे अभ्यासक मानतात. सौंदर्य आणि प्रीतीची देवता ॲफ्रोडायटी हीच रोमनांची व्हीनस. तिचे हात तुटले आहेत. म्हणून चर्चा बहुधा हातांचीच होते. शिल्पकारांनी मात्र शिकण्यासारख्या दोन गोष्टी पाहिल्या. एका पायावर तोललेला देहभार, आणि कमरेखाली ओघळलेल्या वस्त्राच्या चुण्यांतून जाणवणारा देह.

ग्रीक शिल्पांची ही शिकवण प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून युरोपच्या कलाशाळांत रुजली. १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतही विद्यार्थी अशाच प्रतिकृतींवरून हात घडवीत. तेथेच गणपतराव म्हात्रे (१८७६–१९४७) शिकले. १८९६ साली, अवघ्या विशीत, त्यांनी प्लास्टरमध्ये ‘मंदिरपथगामिनी’ साकारली: पूजेला निघालेली नऊवारीतील मराठी तरुणी. जॉर्ज बर्डवुड यांनी तिची वाखाणणी केली. रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला.

मग हे ग्रीकांचे अनुकरण म्हणायचे काय? देहाची मोजमापे आणि अवयवांचा हुबेहूबपणा पाश्चात्त्य शिस्तीचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लुगड्यापाशी प्रश्न बदलतो. ग्रीक शिल्पी देह दाखवण्यासाठी वस्त्र अंगाला चिकटल्यासारखे पातळ कोरीत किंवा खाली ओघळू देत. नऊवारीचा कासोटा मागे खोचला की वस्त्र आपोआप दोन्ही पायांभोवती विभागले जाते. मांडी, गुडघा, चालीची लय झाकूनही दिसते. म्हात्र्यांना देवतेला विवस्त्र करावे लागले नाही. जे ग्रीकांनी छिन्नीने साधले, ते इथे नेसण्यातच होते. कलाशाळेने त्यांना ते पाहण्याची नजर दिली.

एका पायावर भार देणेही आपल्याला परके नव्हते. आपल्या प्राचीन मूर्तींतला त्रिभंग आठवावा.

आपल्या वऱ्हाडात, अमरावतीच्या अंबादेवीला किंवा अकोल्याच्या राजराजेश्वराला पूजेचे ताट घेऊन जाणाऱ्या लुगड्यातल्या बाया आता विरळ झाल्या. कासोट्याचे ते नेसणे घरच्या म्हाताऱ्यांबरोबर चालले आहे. म्हणून या शिल्पाकडे केवळ ‘ग्रीक प्रभाव’ म्हणून पाहिले, तर त्यातला आपला ऐवज नजरेतून सुटेल. परदेशी शिस्तीत शिकलेल्या एका तरुणाने आपल्या बायकांचे रोजचे नेसणे शिल्पाच्या योग्यतेचे मानले, हे मला त्याचे खरे मोल वाटते.