मुळांवरील गांठी व निंबोळीचा अर्क

डाळिंबाचीं झाडें पिवळीं पडून खुरटूं लागलीं, खतपाणी यथास्थित देऊनहि नवी फूट येईना आणि मुळें उकरून पाहतां तीं जागोजागीं फुगलेलीं आढळलीं, म्हणजे हल्लीं एक उपाय हटकून सुचविला जातो : निंबोळीचा किंवा झेंडूचा अर्क सोडा, कृमि मरतील. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून सरकारनें संपूर्ण बंदी घातल्यापासून तर आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील बागाईतदारांचें लक्ष अशा अर्कांकडे अधिकच वळलें आहे. हा उपाय खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अर्क कोठें व केव्हां लागू पडतो हें न जाणतां त्यावर पैसा घालणें म्हणजे आधींच खंगलेल्या बागेवर आणखी कर्ज चढविणें होय.

प्रथम गांठ ओळखावी. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवरहि गांठी असतात. पण त्या उपकारक होत. त्या मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असतात, नखानें सुटतात आणि फोडल्यास आंतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीच्या गांठींत मूळच फुगलेलें असतें; ती सोडवूं गेल्यास मूळ तुटतें.

हा शत्रु नवा नाहीं. इंग्लंडांत बर्कले यांनीं १८५५ सालीं काकडीच्या मुळांवर अशा गांठी पाहिल्या. पुढें ब्राझिलांतील कॉफीचे मळे यामुळेंच रोगट झाले, आणि त्या रोगाचा शोध करतांना गोल्डी यांनीं या कृमींस ‘मेलॉयडोगायनी’ हें नांव दिलें. आपल्या देशांत बार्बर यांनीं १९०१ सालीं दक्षिणेंतील चहाच्या मुळांवर त्यांची नोंद केली. वांगें, टोमॅटो, भेंडी, डाळिंब, कशाचाच विधिनिषेध या कृमीस नाहीं.

त्याची राहणी समजून घेतली कीं अर्काची मर्यादा आपोआप ध्यानांत येते. अंड्यांतून निघालेलें पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान असतें. तें ओल्या मातींतून कोवळ्या मुळाचें टोक गांठतें, आंत शिरतें आणि एके ठिकाणीं ठाण मांडून बसतें. त्याच्या लाळेनें आसपासच्या पेशी अवाढव्य वाढतात व झाडाचें अन्न तेथेंच खर्चीं पडतें. मादी तुंब्यासारखी फुगते आणि चिकट द्रव्याच्या वेष्टनांत शेंकडों अंडीं घालते. उष्ण दिवसांत हें चक्र सुमारें महिन्याभरांत पुरें होतें. यांत उघडा सांपडतो तो केवळ मातींतून फिरणारा पिल्लाचा काळ. मुळाच्या आंत बसलेल्या मादीपर्यंत बाहेरून ओतलेला अर्क पोंचत नाहीं.

कांचेच्या बशींत निंबोळीच्या अर्कानें पिल्लें मरतात, हें प्रयोगशाळांतून दिसून आलेलें आहे. पण बशींत माती नसते. एक एकर जमिनीच्या वरच्या एक फूट थराचें वजन सुमारें पंधराशें टन भरतें. त्यांत शंभर-दोनशें लिटर अर्क कितीसा पुरणार? ठिबकानें तो मुळांजवळच पडतो हें खरें, तथापि काळ्या मातीचे कण त्यांतील अझाडिरॅक्टिन धरून ठेवतात आणि मातींतील जंतु तें थोड्याच दिवसांत मोडून टाकतात. ज्या बाटलीवर अझाडिरॅक्टिनचें प्रमाण व नोंदणी क्रमांक छापलेला नाहीं, ती तर आम्ही मुळींच घेणार नाहीं.

अर्काचें खरें क्षेत्र म्हणजे रोपवाटिका व लागवडीचा खड्डा. येथें माती थोडी असते, मुळें अद्याप निरोगी असतात आणि पिल्लू आंत शिरण्यापूर्वीं त्यास वाटेंत गांठतां येतें. पांच किलो निंबोळीचा गर जाडसर भरडून रात्रभर पाण्यांत भिजवावा, सकाळीं फडक्यानें गाळून त्यांत पाणी घालून शंभर लिटर करावें आणि तें त्याच दिवशीं वापरावें. उन्हानें त्याचा गुण जातो. पावसाळ्याच्या आरंभीं बांधावर निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेंचून ठेवणें बाटलीपेक्षां स्वस्त पडेल.

आमच्या मतें अर्काहून पेंड बरी. निंबोळी पेंड हेक्टरीं एक टन, म्हणजे एकरीं सुमारें चारशें किलो, लागवडीपूर्वीं दोन-तीन आठवडे ओल्या मातींत मिसळून कुजूं द्यावी. कुजतांना निघणारा अमोनिया व आम्लें कृमींस घातक ठरतात आणि कृमींच्या शत्रु बुरशींनाहि पोषण मिळतें. घाई केल्यास मात्र कोवळ्या मुळांसहि इजा होते.

झेंडूची गोष्ट निराळी. त्याच्या मुळांतील अल्फा-टर्थिनिल हें द्रव्य कृमिनाशक असल्याचें १९५८ सालीं नेदर्लंड्समध्यें सिद्ध झालें. पण त्याचा प्रभाव जिवंत मुळाच्या आसपासच असतो. फुलांचा काढा ओतणें आणि दाट झेंडू दोन-तीन महिने जमिनींत वाढविणें यांत फार अंतर आहे. डाळिंबाच्या आधींच्या खरिपांत झेंडू घ्यावा. तुळजापूरच्या नवरात्रांत व दसऱ्यास फुलांना गिऱ्हाईक असतेंच. उलट बागेंत आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगीं किंवा काकडी घेणें म्हणजे कृमींस आयतें जेवण घालणें होय.

कलमें विकत घेतांना दोन-चार पिशव्या फाडून मुळें अवश्य पाहावींत. बहुतेक बागांत कृमि याच वाटेनें येतो. ज्या बागेंत गांठी अगोदरच आहेत, तेथें मुळें व ओलसर माती यांचा नमुना सावलींत ठेवून तपासणीस पाठवावा. सोलापुरास २००५ सालापासून डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्यांच्या सल्ल्यानें पुढील उपाय ठरवावा. विलंब करूं नये, कारण कृमींनीं केलेल्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीस वाट मिळते. पार वाळलेलें झाड मुळांसकट काढून जाळावें, खड्डा चैत्र-वैशाखाच्या उन्हांत उघडा तापूं द्यावा आणि पेंड कुजल्यावरच तेथें नवें कलम लावावें.