खळ, चिटोरी आणि मेर्ट्स

बीडच्या एसटी स्टँडवर उतरलात की एकदा खिसा उलटा करून बघा. तिकीट, बिलाचं चिटोरं, भेळीच्या पुडीचा तेलकट तुकडा. ह्याचं चित्र होईल? तेही असं, की शंभर वर्षांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मानानं टांगलं जावं?

झालंय! कुर्ट श्विटर्स हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा चित्रकार. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि हा गडी ट्रामची तिकिटं, वेष्टनं, वर्तमानपत्रांचे कपटे वेचत फिरायचा. चिकटवायचा कशानं? पीठ-पाण्याच्या खळीनं! भिंतीवर पोस्टरं चिकटवतात तीच. कागदावर खळ फासायची आणि ती ओली असेतो तुकडे इकडून तिकडे सरकवत राहायचे. रंगाच्या फटकाऱ्याचं काम तिकिटावर सोपवलेलं. त्याच्या १९२१च्या चेरीच्या चित्रात तर मुलांच्या शब्दपाठाचं आख्खं कार्ड मधोमध बसलंय.

खरी गंमत १९१९ची. ‘कोमेर्ट्स उंड प्रिव्हाटबांक’ ह्या बँकेची जाहिरात त्यानं कापली आणि चित्रात उरलं फक्त ‘मेर्ट्स’. ‘बाजार समिती’मधून ‘जारस’ उरावं तसं! अर्थ शून्य. त्यानं तेच नाव आपल्या साऱ्या कलेला देऊन टाकलं.

पण अर्थ गेल्यावर अक्षराचं होतं काय? आपल्या आज्या जुने कागद भिजवून, मेथ्या घालून कुटायच्या आणि त्या लगद्याच्या दुरड्या करायच्या. तिथं अक्षर पार विरघळतं. इथं ते शाबूत राहतं, पण बोलत नाही. मग डोळा वाचणं सोडतो आणि बघू लागतो: ‘र’चा बाक, तिकिटावरच्या आकड्याचा काळा ठसा, फाटक्या कडेची पांढरी रेघ.

ही जादू मुंबईलाही पोचली. १९६५ साली जहांगीर कलादालनात चित्रकार भूपेन खख्खर यांनी बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील तसबिरी कापून चिकटवलेली चित्रं मांडली. पेशानं ते हिशेबनीस, हे विशेष!

आणखी एक नवल. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन असतं. हवा-उजेड लागला की ते पिवळं पडतं. म्हणजे श्विटर्सनं चिकटवलेला फिकट तुकडा आज चहाच्या रंगाचा झालेला असतो. त्याच्या चित्रांत निम्मा रंग हवेनं भरलाय म्हणा ना!

आपल्या एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट मात्र उष्णतेनं छापलेलं. त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडूनच जातात. चिकटवायचं असेल तर घाई करा.