कोल्हापूरची बोर्डिंगं

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. पुतळ्याभोवती नजर फिरवली की जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग आणि लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ अशा वास्तू एकमेकींच्या शेजारी दिसतात. रोज तिथून जाणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-एकवीस वर्षांत या एका शहरात जवळपास प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांसाठी वसतिगृह काढले, आणि कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ हे नाव पडले. भारताच्या शैक्षणिक इतिहासातले हे एक खरेखुरे नवल आहे आणि ते जितके माहीत असायला हवे तितके नाही.

त्या काळातल्या हायस्कूलची अडचण आज चटकन ध्यानात येत नाही. भवानी मंडपातल्या राजाराम हायस्कूलची परंपरा 1851 च्या इंग्रजी शाळेपर्यंत जाते. न्यायमूर्ती रानडे यांचे सुरुवातीचे शिक्षण कोल्हापुरातच झाले, पुढे गोपाळ कृष्ण गोखलेही इथेच शिकले. शाळेला ज्यांचे नाव आहे ते छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना 1870 मध्ये फ्लॉरेन्स येथे वारले. आर्नो नदीकाठी त्यांचे दहन झाले आणि तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा वास्तुविशारद चार्ल्स मँट यांचा, आणि कोल्हापूरच्या हायस्कूलची इमारतही त्यांचीच. शाळा अशी नामवंत, इमारत अशी देखणी. पण भुदरगड, राधानगरी किंवा शिरोळकडच्या शेतकऱ्याच्या पोराला तिचा काय उपयोग? गावात चार इयत्ता झाल्या की पुढे शहर. शहरात राहायचे कुठे, जेवायचे कुणाकडे? ज्यांचे नातेवाईक शहरात होते किंवा ज्यांना वार लावून जेवता येत होते, त्यांची पोरे शिकली. बाकीच्यांची पाटी गावातच राहिली.

शाहू महाराजांनी 1894 मध्ये कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेतला. दोन वर्षांनी, 1896 मध्ये, त्यांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढले. हेतू चांगला होता, पण काही वर्षांतच तिथे जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार सर्वांना उघडे असले तरी आत येण्याचे बळ सर्वांपाशी सारखे नव्हते. इथे महाराजांनी जो मार्ग बदलला तो मला त्यांच्या राज्यकारभारातला फार मोठा निर्णय वाटतो. प्रत्येक समाजाने आपल्या पोरांची जबाबदारी स्वतः घ्यावी, समिती नेमावी, वर्गणी जमवावी, धान्य गोळा करावे. जागा, इमारत आणि सालाना मदत संस्थान देईल, अशी ही वाटणी होती. शिकायला मात्र सगळ्यांनी त्याच शाळांत, त्याच बाकांवर बसायचे.

1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही निघाले. मुस्लिम समाजातून पुढाकार लवकर आला नाही, तेव्हा महाराजांनी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले. पुढे 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. 1907 मध्ये लिंगायतांचे, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे. नंतर दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, सुतार, नाभिक अशी ही ओळ लांबत गेली.

जातवार बोर्डिंगांनी जात घट्ट होणार नाही का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच आहे. भाऊराव पाटील यांच्या बाबतीत त्याची धग दिसते. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला 1887 मध्ये जन्मलेला हा मुलगा जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परतल्यावर आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात यायचे नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. शिवाशिव बोर्डिंगच्या उंबऱ्याच्या आत होती, हे यातून लपत नाही. पण तो मुलगा त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला तोही बोर्डिंगमुळेच, हेही तितकेच खरे. महाराजांनी त्याला वाड्यावर आसरा दिला. अभ्यासात मात्र त्याची डाळ शिजेना. भाऊराव बसतो तो बाक एक वेळ वरच्या वर्गात घालता येईल, पण भाऊरावाला नाही, अशा अर्थाचे उत्तर हेडमास्तरांनी महाराजांच्या शिफारशीला दिल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. राजाची शिफारस नाकारणारा हेडमास्तर आणि तो नकार मानणारा राजा, दोघांबद्दलही आदर वाटतो.

नापास झालेल्या त्या विद्यार्थ्याने 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ हे नाव दिले गेले. कोल्हापुरात जातवार मांडलेली पाने साताऱ्यात एका ओळीत आली, आणि त्याला शाहूंचेच नाव मिळाले.

संस्थानातही गाडी तिथेच थांबली नव्हती. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरला. 1919 मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यावे, असा हुकूम निघाला. खालून गावोगावच्या शाळा पोरे पाठवू लागल्या की वरच्या हायस्कूलला बोर्डिंगची गरज वाढणारच. 1918 मध्ये शिकारीतल्या अपघातात महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी गेले. 1920 मध्ये त्यांच्या नावाने आणखी एक मोफत मराठा बोर्डिंग उभे राहिले.

एक उणीव ठळक आहे. ही बोर्डिंगं मुख्यतः मुलग्यांची. प्रिन्स शिवाजींच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी, वयाने अगदी लहान असलेल्या इंदुमतीदेवींना महाराजांनी सोनतळीला ठेवून शिकवले, तेही घरातला विरोध पत्करून. पण खेड्यातल्या मुलीला शहरात राहून हायस्कूल करता यावे, यासाठी तेवढ्याच ताकदीची व्यवस्था मुलांच्या बरोबरीने उभी राहिली नाही. तिला आणखी बरीच वर्षे थांबावे लागले.

बोर्डिंगात न राहणाऱ्या पोरांसाठी एसटी आल्यावर गावाकडचे डबे बसमधून शहरात येऊ लागले. कापडात गाठ मारलेला डबा, त्यात भाकरी आणि कोरड्यास, वर खुणेची चिठ्ठी. पोरगा स्टँडवर येऊन घेऊन जाई. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक पदवीधर याच डब्यांवर वाढले. घरचे अन्न आणि सरकारी शाळा यांची सांगड तीच, फक्त वाहन बदलले.

दर जूनमध्ये प्रवेशासाठी खेड्यातले पालक अजूनही या जुन्या बोर्डिंगांच्या कचेरीत दाखले घेऊन येतात. भवानी मंडपातल्या शाळेची इमारत अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या सोयीसाठी वापरायचा विचार काही वर्षांपूर्वी पुढे आला, तेव्हा कोल्हापूरकरांनी त्याला कडाडून विरोध केला.