सुटला एकदाचा!

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा. ओट्यावर एक ताटली, ताटलीवर पालथं घातलेलं केकचं टिन आणि समोर मी. हातात लाटणं. गेली पाच मिनिटं त्या टिनाच्या बुडावर टकटक करतेय. खालच्या काकूंनी एकदा झाडूच्या दांड्यानं छत ठोकून निषेधही नोंदवलाय. शेवटी 'थप्प' असा आवाज झाला. मी खूश! टिन उचललं, तर ताटलीत अर्धाच केक. उरलेला अर्धा वरच, बुडाला गच्च धरून बसलेला. जाम पोपट झाला.

एरवी मी हसले असते. चमच्यानं टिन खरवडून खाल्लं असतं आणि झोपले असते. पण हा केक साधासुधा नव्हता. माझी रूममेट रविवारी रात्री जर्मनीला चालली होती, स्टुटगार्टला, नोकरीसाठी. तीन वर्षं आम्ही कोथरूडच्या या टू-बीएचकेमध्ये एकत्र काढली. आणि शेवटचा महिनाभर आम्ही एकमेकींशी फक्त मोबाइलवरून बोलत होतो, तेही भिंतीच्या दोन बाजूंना बसून. 'लाइट बिल भरलं.' 'ओके.' 'डिपॉझिटचं काय?' 'बघते.' फ्रीलान्सरचे चेक कधी येतात ते तुम्हाला ठाऊकच असेल, त्यामुळे माझा भाड्याचा वाटा कायम उशिरा. त्यावरून एकदा ती म्हणाली, "तू प्रत्येक गोष्ट अर्धीच करून सोडतेस." मीही काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. सॉरी म्हणायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून केक. आमचा ओटीजी दोघींनी अर्धे अर्धे पैसे घालून घेतला होता, त्यामुळे त्यातला केक म्हणजे एक प्रकारचा तहनामाच.

आणि त्यातही तो अर्धाच सुटला. टोमणा अगदी केकनंही मारावा?

बरं, गुरुवारचा केक ही रंगीत तालीम होती. खरा दिवस शनिवार. म्हणजे हातात दोन रात्री. पत्रकारितेच्या पदवीचा उपयोग करायचा तर कधी? मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिला फोन अर्थातच आईला.

"टिनला काय लावलं होतंस?"

"बटर. भरपूर. फ्रिजमधलं पिवळं."

"वड्या थापायच्या ताटाला काय लावतो आपण? बटर?"

"तूप. पण आई, बटर काय नि तूप काय..."

"अगं, लोणी कढवताना तडतडतं ते काय असतं मग? पाणीच ना?"

फोन ठेवून मी बटरचं खोकं उलटून वाचलं. आई शंभर टक्के बरोबर. बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्के, उरलेल्यात बहुतेक पाणी, शिवाय मीठ आणि दुधातला थोडा घनभाग. ओव्हनमध्ये पाणी उडून जातं आणि तिथं लेप फाटतो. दुधाचा घनभाग तर स्वतःच करपून टिनला चिकटतो. म्हणजे मी चिकटू नये म्हणून जे लावलं, त्यातलंच थोडं आधी चिकटलं. तुपात मात्र पाणी जवळपास नसतंच, कढवताना गेलेलं असतं. वड्यांच्या ताटाला तुपाचा हात फिरवणाऱ्या, मोदकाच्या साच्याला तुपाचं बोट लावणाऱ्या समस्त बायकांना हे कुणी फूड सायन्सच्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.

पण केक मुळात चिकटतोच का? आपल्याला गुळगुळीत दिसणारं टिन खरं तर गुळगुळीत नसतं. त्यावर बारीक बारीक खड्डे आणि ओरखडे असतात. पातळ घोळ त्यात शिरतो आणि उष्णतेनं तिथंच घट्ट होतो. त्यात अंड्यातली, दुधातली प्रथिनं तापली की उलगडतात आणि धातूला धरतात. तव्यावर तेल न घालता अंडं फोडून बघा, लगेच पटेल. आणि तिसरी कलाकार साखर. ती वितळते आणि थंड झाली की डिंक. चिक्की लाटण्याआधी पोळपाटाला तूप लावायचं राहिलं की काय होतं, हे ज्यांनी एकदा भोगलंय त्यांना अधिक सांगायला नको.

शुक्रवारी मी हुशारी केली. बटर नको तर तेल! घरात तूप नव्हतं हो, आणि रात्री दहाला खाली उतरायचा कंटाळा. छोट्या डब्यात निम्म्या मापाचा केक लावला. बूड मस्त सुटलं, जवळजवळ तळल्यासारखं. पण कडा? तेल उभ्या भिंतीवर थांबतच नाही. घोळ ओतेपर्यंत सगळं खाली उतरून तळं झालं होतं, आणि वरचे दोन इंच कोरडे. केक तिथं चिकटला आणि मधोमध फाटला. एका बाबतीत मात्र प्रगती म्हणायची. आदल्या दिवशी खालचा भाग गेला होता, आज वरचा.

शनिवारी सकाळी टिन पिशवीत घालून थेट तुळशीबाग गाठली. भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी टिन हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "तारेच्या घासणीनं घासता का, मॅडम?" मी गप्प. घासणीच्या प्रत्येक ओरखड्याबरोबर केकला धरायला नवी जागा मिळत असते. अल्युमिनियमचं टिन कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचं आणि मऊ स्पंजनं धुवायचं, एवढंच.

मग त्यांनी अपेक्षेप्रमाणे नॉनस्टिक टिन पुढे केलं. त्यावर जो थर असतो त्याची गोष्ट मला आवडते. १९३८मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट नावाचे रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठीच्या वायूंवर काम करत होते. एका नळकांड्यातून वायू बाहेरच येईना. ते कापलं, तर आत पांढरी बुळबुळीत पावडर. तेच टेफ्लॉन. पुढे फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार या इंजिनीअरला बायकोनं सुचवलं, की हे माझ्या तव्याला लावून दे की! १९५६मध्ये त्यांची टेफाल कंपनी निघाली. म्हणजे तिथंही घरातल्या बाईचंच डोकं.

मी टिन घेतलं नाही. एक तर फ्रीलान्सरचं पाकीट. दुसरं म्हणजे काकांनीच खरं सांगितलं, की गडद रंगाचं टिन लवकर तापतं, त्यामुळे कडा आधी करपतात. तुमच्याकडे तसं असेल तर ओव्हनचं तापमान १०-१५ अंशांनी उतरवा. आणि नॉनस्टिक आहे म्हणून काहीच लावायचं नाही, असंही नसतं. हात फिरवावाच लागतो. फक्त त्यावर कुकिंग स्प्रे मारू नका, त्याचा थर हळूहळू चिकट होऊन बसतो. तुळशीबागेतून निघताना माझ्या पिशवीत बटर पेपरची गुंडाळी आणि पाव किलो तूप होतं.

या पेपरचाही एक घोळ आहे. आपण सगळ्यालाच सरसकट बटर पेपर म्हणतो. त्यातला ज्याच्यावर सिलिकॉनचा थर असतो तो बेकिंगचा पार्चमेंट पेपर, त्याला काही लावलं नाही तरी चालतं. साधा पातळ बटर पेपर मात्र तूप लावल्याशिवाय केकलाच चिकटतो, आणि मग तुम्ही कागद सोलत बसता. मेणाचा कागद ओव्हनमध्ये अजिबात नको, मेण वितळतं. वर्तमानपत्र तर नकोच नको (हे मी त्याच धंद्यात असून सांगतेय!). त्यातल्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात गुंडाळू नका, असं एफएसएसएआयनं २०१६मध्येच बजावलंय.

गोल कागद कापायला कंपास लागत नाही. चौकोनी कागदाची चार पदरी घडी घाला, मग शाळेतल्या कागदी विमानासारखी टोकाकडे निमुळती करत जा. टोक टिनाच्या मध्यावर धरायचं, कडेशी जिथं येईल तिथं कापायचं. उलगडलं की गोल. मला हे जमल्यावर झालेला आनंद नोकरीच्या पहिल्या पगाराएवढा होता.

संध्याकाळी सात. तूप बोटांनी टिनला सगळीकडून लावलं, कोपऱ्यात जरा जास्तच. बूड आणि भिंत मिळते ती फट म्हणजे चिकटण्याचं माहेरघर. तळाला कागद, कागदावर पुन्हा तुपाचा हात. पुण्यातला मे महिना, तूप पाण्यासारखं वाहत होतं, म्हणून टिन पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं. थिजलेलं तूप भिंतीवर नीट थांबतं. मग त्यावर मैदा भुरभुरायचा, टिन फिरवायचं आणि पालथं करून ठोकायचं, जास्तीचा पडून जातो. हा कोरडा थर तूप धरून ठेवतो, घोळ त्याला बाजूला सारू शकत नाही. केक चॉकलेटचा असेल तर मैद्याऐवजी कोको पावडर घ्या. नाहीतर सुंदर काळ्या केकवर पांढरे डाग पडतात, न झटकलेल्या फळ्यासारखे. नक्षीदार बंट टिन असेल तर कागद बसत नाही, तिथं तूप, तेल आणि मैदा समप्रमाणात कालवून ती पेस्ट ब्रशनं प्रत्येक खाचेत भरायची. ओव्हन नसणाऱ्यांनी नाराज होऊ नये. शिटी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून कुकरमध्ये केक लावणारी एक आख्खी पिढी आपल्याकडे होऊन गेलीय. फक्त तिथं उष्णता खालून येते, म्हणून कागद दुहेरी घ्या.

आणि हो, हे सगळं वाचून शिफॉन किंवा एंजल फूड केकच्या टिनला तूप चोपडू नका! ते केक भिंतीला धरून वर चढतात. भिंत तुपकट असली की घसरून बसतात. ते चिकटायलाच हवेत, आणि थंडही उलटे टांगून करायचे असतात.

१८० अंशांवर पस्तीस मिनिटं. सुरी घालून बघितली, कोरडी आली. कडा टिनापासून किंचित सुटलेल्या. कच्चा राहिलेला केक काहीही लावलं तरी चिकटतो, म्हणून ही खात्री हवीच. टिन बाहेर काढलं आणि तेवढ्यात दारात किल्लीचा आवाज. रूममेट. दोन्ही हातांत बॅगांची कुलपं, वजनकाटा आणि चेहऱ्यावर दिवसभराची खरेदी.

"कशाचा वास?"

"केक."

"कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचाच नाही."

ती ओट्यापाशी आली. "काढ ना मग बाहेर."

आता या ठिकाणी मी गुरुवारी चुकले होते. ओव्हनमधून काढल्या काढल्या केक उलटा केला होता. गरम केक आतून अजून बसलेला नसतो, स्वतःच्याच वजनानं तुटतो. आणि तासभर विसरलात तर आतली वाफ तळाशी पाणी होऊन बसते, साखर-तूप घट्ट होतं आणि तो पुन्हा धरतो. (असं झालंच तर टिनाचं बूड मंद गॅसवर काही सेकंद फिरवा किंवा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यावर ठेवा. कागद असेल तर गॅसपासून जपून.) मधला काळ दहा ते पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात केक थोडा आक्रसतो आणि आपणहून भिंत सोडतो.

"दहा मिनिटं थांबावं लागेल," मी म्हणाले.

महिनाभरात आम्ही सलग दहा मिनिटं एका खोलीत उभ्या नव्हतो. ती ओट्याला टेकली, मी फ्रिजला. पहिली तीन मिनिटं शांतता. मग तिनं सिंकमधला छोटा डबा बघितला. "हा कालचा?" मी मान हलवली. "आणि परवाचा?" "तो मी खाल्ला. अर्धा टिनमधूनच." ती हसली. सहाव्या मिनिटाला मी डिपॉझिटचं बोलले, की माझा चेक सोमवारी जमा होईल, तुझे पैसे मंगळवारी. ती म्हणाली, "माहितीये गं. मी तेव्हा ते 'अर्धी' वगैरे उगाच बोलले." मीही माझं ते न लिहिण्यासारखं वाक्य परत घेतलं. नववं मिनिट कुणी मोजलंच नाही.

बारीक सुरी कडेनं एकदा फिरवली. ताटली वर ठेवली, दोन्ही हातांनी धरून उलटं केलं. लाटण्याची गरज पडली नाही. टिन उचललं तर ते इतकं हलकं, की मी आत वाकून बघितलं. स्वच्छ! फक्त कागदाच्या कडेशी नखाएवढा तुकडा राहिला होता, तो तिनं बोटानं काढून खाल्ला. रात्री एकपर्यंत आम्ही केक खात बॅगा भरल्या. खालच्या काकूंनाही दोन तुकडे दिले, झाडूचं प्रायश्चित्त.

ओटीजी माझ्याकडे राहिला. तिच्या अर्ध्या भागाच्या बदल्यात तिनं टिन मागितलं, आणि त्यात मोज्यांचे जोड कोंबून ते बॅगेत बसवलं.

मागच्या आठवड्यात तिचा फोटो आला. स्टुटगार्टच्या सुपरमार्केटमधला एक पिवळा डबा, त्यावर लिहिलेलं 'बुटरश्माल्त्स'. खाली प्रश्न होता, "हे आपलं तूपच ना?"

मी लिहिलं, "तेच. टिन कसंय?"

"तारेची घासणी घेतलेलीच नाही."