निरपेक्ष देणं आणि म्हातारा गोरिओ

मित्रहो, आज एकच प्रश्न घेऊ. ज्यांच्यासाठी सगळं दिलं त्यांच्याकडून काहीच परत आलं नाही, तर त्या देण्याला 'निरपेक्ष' म्हणायचं का? उदाहरण आहे बाल्झाकच्या 'पेर गोरिओ' या कादंबरीचं. ती १८३५ साली पुस्तकरूपानं आली.

गोरिओ हा पॅरिसमधला शेवयांचा व्यापारी. राज्यक्रांतीच्या टंचाईच्या काळात पिठाच्या व्यवहारात त्यानं पैसा केला. बायको लवकर वारली. दोन मुली, आनास्तासी आणि देल्फीन. भरपूर हुंडा देऊन त्यानं एक काउंटच्या घरी दिली, दुसरी बँकवाल्याच्या. पुढे जावयांना या सासऱ्याची लाज वाटू लागली, आणि म्हातारा एका साध्या भाड्याच्या घरात पाहुणा म्हणून राहू लागला. आधी पहिल्या मजल्यावर, वर्षाला १२०० फ्रँक देऊन. मग दुसऱ्या मजल्यावर ९०० फ्रँकांत. शेवटी तिसऱ्या मजल्यावर, महिना ४५ फ्रँकांत. पैसा उतरत गेला तशी खोली वर चढत गेली. मुलींची देणी भागवायला त्यानं चांदीची भांडी मोडली, तहहयात मिळणारं उत्पन्नही गहाण टाकलं. मरताना तो मुलींची वाट बघत होता. एक आली, पण तोवर शुद्ध हरपली होती. दुसरी आलीच नाही. अंत्ययात्रेमागे दोन्ही घरांच्या गाड्या होत्या, रिकाम्या.

आता ॲरिस्टॉटल काय म्हणतो बघा. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या नवव्या भागात तो विचारतो, उपकार करणारा उपकार घेणाऱ्यावर जास्त प्रेम का करतो? उलट व्हायला हवं ना? त्याचं उत्तर असं की, कवीला आपली कविता प्रिय असते, तसं देणाऱ्याला आपलं देणं समोरच्यात दिसतं. ज्यासाठी कष्ट पडले, ते जास्त आपलं वाटतं. घेणाऱ्याचे कष्ट कुठे पडलेले असतात?

गोरिओला हे तंतोतंत लागू पडतं. मुलींच्या गाड्या जाताना दिसाव्यात म्हणून तो शाँझेलिझेवर उभा राहायचा. परतफेड त्याला नकोच होती. पण मुलींच्या सुखात तो स्वतःला बघत होता, आणि ही अपेक्षाच आहे. दुसरं असं, त्यानं मुलींना कधी काही मागितलंच नाही. आपल्याला दुखतंय, पैसा संपत आलाय, हे कळू दिलं नाही. मुली घ्यायला शिकल्या. द्यायचं कसं, हे शिकायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

इथे कुणी म्हणेल, सर, म्हणजे दोष बापाचा? नाही. मरणशय्येवरच्या बापाकडे जावं, हे कुणी शिकवावं लागत नाही. मुलींचा दोष मुलींचाच. पण 'काहीच परत आलं नाही' यात, परत येण्याचा रस्ता त्यानं स्वतः बंद केला होता हाही भाग आहे.

आपल्याला इथे 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब आठवणारच. त्यांनीही सगळं वाटून टाकलं. पण अपमान झाल्यावर ते बोलतात, घर सोडतात. गोरिओ क्षणभर शाप देतो आणि लगेच आशीर्वाद देतो. शेवटी उशाशी असलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या केसांना हात लागतो, त्याला वाटतं मुलीच आल्या, आणि तो समाधानानं जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पोरांना द्या, जरूर द्या. पण अधूनमधून त्यांच्याकडे काहीतरी मागाही. औषध आणून दे म्हणा, दोन तास येऊन बस म्हणा. त्यानं त्याग उणा होत नाही. बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.