वाचता येत नाही, असे सांगून त्याने पुस्तके मिळवली

वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून त्यावरचा अर्धामुर्धा मजकूर वाचत बसणारे एखादे पोर आपल्या वस्तीत असतेच. कुणी त्याच्यावर खेकसते, कुणी कौतुकाने बघते. अशाच एका पोराची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे. हकीकत अमेरिकेतली आहे, पण आपल्या आयाबहिणींना ती परकी वाटणार नाही.

रिचर्ड राइट हा कृष्णवर्णीय लेखक. त्याची ‘नेटिव्ह सन’ ही १९४० सालची कादंबरी आणि ‘ब्लॅक बॉय’ हे १९४५ सालचे आत्मकथन जगभर वाचले गेले. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तिथल्या काळ्यांच्या लेखणीचा आणि आपला ऋणानुबंध असा जुना आहे.

रिचर्डचा जन्म ४ सप्टेंबर १९०८ रोजी मिसिसिपी राज्यात नॅचेझ गावाजवळ झाला. आईकडचे आणि बापाकडचे, दोन्ही आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. बाप दुसऱ्याची शेती वाट्याने कसणारा, निरक्षर. आई एला मात्र शाळेत शिकवलेली बाई. कुटुंब मेम्फिस शहरात आले आणि बाप दुसरीकडे राहायला गेला. आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागली. दोन्ही पोरे दिवसभर एकटी, पोटात भूक. पुढे काही दिवस आईला त्यांना अनाथाश्रमातही ठेवावे लागले.

रिचर्डचे शिक्षण सुरू झाले ते रस्त्यावर. जवळच्या शाळेतली मुले खेळताना पुस्तके बाजूला ठेवीत, तेव्हा हा ती उघडून बघायचा आणि काळी अक्षरे काय सांगतात ते विचारायचा. घरी आल्यावर थकलेली आई त्याला शब्द लावून दाखवी. शंभरपर्यंत आकडे शिकवले ते दारावर कोळसा घेऊन येणाऱ्या माणसाने! ‘आम्हाला कुठे वेळ आहे पोरांना शिकवायला’ असे म्हणणाऱ्यांनी त्या कोळसेवाल्याची आठवण ठेवावी.

याच सुमारास, म्हणजे १९१३ ते १९१६ या काळात, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि तिथल्या ग्रंथालयात तासन्‌तास बसत होते. देश एकच, पण दक्षिणेतल्या काळ्या पोराला ग्रंथालयाचा दरवाजा बंद होता.

१९१६ साली आर्कान्सासमधल्या एलेन गावात रिचर्डच्या मॅगी मावशीच्या नवऱ्याला गोऱ्यांनी गोळी घालून मारले. त्याचा दारूच्या गुत्त्याचा धंदा चांगला चालत होता, हा त्याचा गुन्हा. प्रेत मिळाले नाही, रडायलाही सवड मिळाली नाही. रातोरात घर सोडावे लागले. पुढे आईला अर्धांगाचा झटका आला. शाळा सारखी सुटायची. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याचे शाळेचे एकही वर्ष सलग पुरे झाले नव्हते.

आसरा मिळाला जॅक्सन शहरात, आजीकडे. आजी कर्मठ ख्रिस्ती. घरात गोष्टीचे पुस्तक चालत नसे. रचलेली गोष्ट म्हणजे खोटे, आणि खोटे म्हणजे सैतानाचे काम. घरात एक तरुण शिक्षिका भाड्याने राहत होती. तिने एकदा ओसरीवर रिचर्डला बायकांचे खून करणाऱ्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. पोर भान हरपून ऐकत होते. तेवढ्यात आजी आली, मारहाण झाली, गोष्ट अर्धीच राहिली. मला वाटते, त्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टीनेच त्याला आयुष्यभर पछाडले. नंतर तो त्या बाईची पुस्तके लपूनछपून उघडी, त्यातले पुष्कळसे कळत नसले तरी.

गोष्टींच्या ओढीने तो एक वर्तमानपत्र दारोदार विकू लागला, कारण त्याच्या पुरवणीत कथा असत. मुख्य अंक तो वाचतच नसे. एका काळ्या गिऱ्हाईकाने एके दिवशी त्याला बसवून अंक उघडून दाखवला. काळ्यांना ठेचून काढा, असे सांगणारा तो कागद होता! पोराने विक्री त्याच दिवशी बंद केली.

१९२१ मध्ये जॅक्सनच्या जिम हिल शाळेत त्याला पाचवीत घातले. दोनच आठवड्यांत सहावीत चढवले. आठवीत असताना त्याने एक कथा लिहिली. ‘सदर्न रजिस्टर’ या काळ्यांच्या स्थानिक वृत्तपत्राने ती १९२४ साली छापली. घरात कौतुक झाले नाही. आजीच्या मते छापलेले असले तरी ते खोटेच होते. वर्गातली मुलेही त्याच्याकडे संशयाने पाहू लागली.

१९२५ साली स्मिथ रॉबर्टसन शाळेत नववी पास होताना तो पहिला आला. निरोप समारंभात भाषण त्याचे होते. मुख्याध्यापकांनी मात्र स्वतःच लिहून त्याच्या हातात ठेवले. समोर गोरे बसणार होते ना! ते वाचले नाहीस तर नुकसान होईल, असेही सुनावले. शिक्षकाची नोकरी मिळाली असती, घरचे विनवीत होते. सतरा वर्षांचाही नव्हता तो. त्याने स्वतःचेच भाषण वाचले.

शिक्षण तिथेच थांबले. मेम्फिसला चष्म्यांच्या एका कंपनीत तो हरकाम्या म्हणून लागला. एकदा वर्तमानपत्रात मेंकेन नावाच्या गोऱ्या लेखकाला शिव्या घातलेल्या त्याने वाचल्या. दक्षिणेतली वर्तमानपत्रे शिव्या घालायची ती काळ्यांना. मग हा कोण गोरा? त्याची पुस्तके हवीत! पण ग्रंथालय काळ्यांना पुस्तक देत नसे. गोऱ्या साहेबाने पाठवले तरच हमाल म्हणून न्यायला मिळे. कामावरच्या एका आयरिश गोऱ्याने आपले कार्ड देण्याचे कबूल केले. रिचर्डने त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि तीत स्वतःसाठी गोरे लोक वापरीत तोच घाणेरडा शब्द घातला, म्हणजे ती काळ्याने लिहिली असेल अशी शंका येऊ नये. ग्रंथपाल बाईने विचारलेच, ही पुस्तके तू तर वाचणार नाहीस ना? तो म्हणाला, मला वाचताच येत नाही.

त्या रात्री भाड्याच्या खोलीत नळाच्या गरम पाण्याखाली घेवड्याचा डबा धरून त्याने जेवण गरम केले आणि वाचायला बसला. शब्दांनी लढता येते, शब्द हे हत्यार होऊ शकते, हे त्याला मेंकेन वाचताना उमगले. मग सिंक्लेअर लुईस, ड्रायझर. ड्रायझरच्या कादंबरीतल्या हालअपेष्टा वाचताना त्याला आपली आई दिसू लागली. पुस्तके वर्तमानपत्रात गुंडाळून तो कामावर नेई.

दक्षिणेत राहून लिहिता येणार नाही, हे त्याला पक्के कळले होते. १९२७ साल संपता संपता तो शिकागोला निघाला. आई आणि भाऊ मागाहून यायचे होते. गाडीत सोबत होती मॅगी मावशी.